लाँचच्या पानावरची रिकामी चौकट

मी एक जुनी चौकट आहे, मित्रांनो. पण दाराची नव्हे आणि तसबिरीचीही नव्हे. मला हात लावून पाहता येत नाही. मी एका वेबसाइटच्या पानावर राहते. आमच्या नदीवर जी प्रवासी लाँच चालते, तिच्या ऑफिसचे हे पान. वर लाँचचा फोटो, त्याखाली सुटण्याच्या वेळा, आणि त्याखाली चार बारीक निळ्या रेघांच्या आत मी. माझी गोष्ट सांगावी इतकी मी मोठी आहे का, याची मला शंकाच आहे. शिवाय माझा स्वभाव अलीकडे किरकिरा झाला आहे. पण इतक्या लोकांनी इतक्या वेळा माझ्यावर चिडून बोट आपटले आहे, की एकदा तरी माझी बाजू कुणी ऐकावी असे वाटते.

आधी माझे काम सांगते, कारण ते बहुतेकांना कळतच नाही. माझ्याजवळ स्वतःचे असे काहीही नसते. तुम्ही पान उघडता तेव्हा पानावरचे बाकीचे सगळे लाँच ऑफिसच्या घरातून येते. मी मात्र धावत शेजारी जाते. शेजार म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या धरणाच्या कार्यालयाची वेबसाइट. मी तिथले दार वाजवून विचारते, "धक्क्याजवळच्या रेल्वे पुलापाशी आता पाणी किती?" ते जे देतील ते आणते आणि तुमच्यासमोर धरते. हे सगळे तुमची पापणी लवायच्या आत होते, म्हणून लोकांना वाटते की आकडा माझाच आहे. तो माझा नसतो. मी म्हणजे भिंतीला पाडलेली खिडकी. पलीकडे दिसणारे अंगण शेजाऱ्याचे. त्याने अंगण झाडले तर मी छान दिसते, त्याने कचरा टाकला तर लोक मला नाके मुरडतात.

माझा जन्म लाँचच्या ऑफिसात झाला. ऑफिस म्हणजे धक्क्याच्या वरच्या अंगाला एकच खोली. एका टेबलाच्या पायाखाली जुन्या वेळापत्रकाची घडी, खुंट्यांवर डिझेलचा वास लागलेली नारिंगी जाकिटे, आणि एक टेलिफोन, ज्याची वायर तीन ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली. खिडकीतून नदी दिसे, पण पाण्यातला मोजपट्टीचा खांब दिसत नसे. लाँचवर उताराने जाता येई, पण हा खांब जुन्या घाटाच्या तळाशी होता; तो पाहायला बेचाळीस पायऱ्या उतरून जावे लागे. त्या खांबावर रंगाने मीटर आखलेले होते आणि तीन मीटरवर तांबडी रेघ होती. पाणी तांबड्या रेघेच्या वर गेले की लाँच सोडायची नाही, असा नियम. पलीकडचा धक्का बसका आहे. पाणी चढले की त्याच्या पायऱ्या बुडतात, आणि तिथली ओढ अशी फिरते की लाँचची शेपटी हातात राहत नाही.

लाँच चालवणाऱ्याला तांडेल म्हणतात. आमचा तांडेल तेव्हा पंचावन्नचा, पण गुडघ्यांनी साठी केव्हाच ओलांडलेली. रोज सकाळी तो पायऱ्या उतरायचा, खांब पाहायचा, आणि कठड्याला धरून कण्हत वर यायचा. त्याची भाची तेव्हा नुकतीच कॉम्प्युटर शिकून घरी आली होती. तिला ते बघवेना. तिने धरणाच्या वेबसाइटवर पुलापाशीची पातळी दर अर्ध्या तासाला येते हे शोधून काढले आणि त्या टेबलाशी बसून मला तयार केले.

"मामा, उद्यापासून पायऱ्या बंद. हे बघा, इथे पाणी दिसतंय."

मामाने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "हे आपल्या ऑफिसचं पान ना?"

"हो."

"आणि आकडा धरणवाल्यांचा?"

"हो."

"म्हणजे शेजारणीच्या चुलीवरचं आपल्या ताटात?"

"ताटात नाही हो मामा, नुसतं दिसणार."

"नुसतं दिसून पोट भरतं होय गं?" असे म्हणून तो हसला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पायऱ्या उतरण्याआधी मला उघडले, मग पायऱ्या उतरून खांब पाहिला, मग वर येऊन पुन्हा मला पाहिले. दोन्हीकडे एक मीटर नव्वद. असे त्याने महिनाभर केले. महिन्यानंतर तो उतरायचा थांबला. गुडघ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. मला मात्र त्या दिवशी थोडी भीती वाटली होती, हे आज कबूल करते. माझ्यावर इतका भरवसा कुणी ठेवावा, असे माझ्यात काय होते?

एक गोष्ट सांगायची राहिली. मला बनवण्याआधी भाचीने धरणाच्या कार्यालयात फोन करून विचारले होते. तिथल्या कारकुनाने सांगितले, "घ्या की. पण उद्या आम्ही इकडचं तिकडे केलं, तर आमच्या नावानं ओरडू नका." ती हसून "बरं बरं" म्हणाली. ते वाक्य तिने कुठेतरी ठळक लिहून ठेवायला हवे होते.

माझी चांगली वर्षे चार. त्या वर्षांत मला गावभर लोक उघडत. पलीकडच्या शाळेच्या बाई पोळ्या लाटता लाटता मला बघत. लाँचच्या वेळा त्यांना पाठ होत्या, त्या फक्त माझ्यासाठी येत. तांडेलाची धाकटी बहीण, म्हणजे भाचीची आई, शिवणकाम करी. शाळेचे गणवेश शिवून आठवड्यातून दोनदा पलीकडे नेई. तीही मला बघे, आणि भावाला फोन करून विचारीही. "अगं, चौकटीत आहे ना सगळं," तो म्हणे. "चौकटीत असू दे. तू सांग," ती म्हणे. मला जरा राग येई. पण आता वाटते, त्या घरात तीच एक शहाणी होती.

तांडेलाची एक ठरलेली बढाई होती. नवा माणूस लाँचवर चढला की तो म्हणे, "बसा निवांत. एकतीस वर्षांत माझ्या लाँचवर कुणाचा रुमालसुद्धा भिजलेला नाही." आणि मग खिशातल्या फोनवर थाप मारी. फोनात मी उघडीच असायची. तो मला कधी मिटतच नसे. मिटले तर पुन्हा सापडणार नाही अशी त्याला धास्ती होती. कौतुक माझ्या वाट्याला आले असेल तर ते एवढेच, खिशावरची थाप.

टोमणे मात्र भरपूर आले. एकदा धरणवाल्यांनी आपल्या पानावर कर्मचाऱ्यांच्या क्रीडास्पर्धेचे निकाल चढवले, ते नेमके पातळीच्या जागी. आता शेजाऱ्याने खिडकीसमोर जे वाळत घातले, तेच मी दाखवणार! दोन दिवस लोकांना नदीऐवजी तेच दिसत होते. तांडेल ओरडला, "रस्सीखेचीत पहिला कोण ते समजलं. नदी किती आहे ते सांग!" एका प्रवाशाने तर ऑफिसात येऊन विचारले, "तुम्हाला लाज नाही वाटत, सरकारी पानावर खेळ दाखवायला?" मी काय उत्तर देणार? मला तोंड नाही. मला फक्त चार रेघा आहेत.

पण हे सगळे मी सहन केले असते. पुढचे जे झाले, ते आठवले की अजून माझ्या रेघा थरथरतात.

धरणाच्या कार्यालयाने आपली वेबसाइट नव्याने बांधली. नवे रंग, नवी दारे. आणि त्याबरोबर एक नवा नियम: आमचे पान दुसऱ्याच्या भिंतीत दाखवायचे असेल तर त्या भिंतीचे नाव आधी आमच्या यादीत हवे. नियम वाईट नव्हता. वाटेल त्याने वाटेल तिथे त्यांचे आकडे लावून लोकांना फसवू नये, म्हणून केलेला होता. आमचे नाव यादीत घालायला एक पत्र पुरले असते. मित्रांनो, एक पत्र! पण ते लिहायचे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

एका सकाळी मी नेहमीसारखी धावत गेले आणि दार तोंडावर बंद झाले. मी पुन्हा गेले. पुन्हा बंद. मी रिकाम्या हाताने परत आले. माझ्या जागी आता करडा रंग, मध्ये एक रडवेला कागद, आणि खाली इंग्रजीत एक ओळ, जी कुणी वाचत नसे. तिचा अर्थ इतकाच होता, की शेजारी आत घेत नाही.

सहा आठवडे मी अशी राहिले. शाळेच्या बाई कपाळाला आठ्या घालून मला मिटत. कुणी म्हणे बंद पडली, कुणी म्हणे फुटली. तांडेल गुडघा चोळत पुन्हा बेचाळीस पायऱ्या उतरू लागला, आणि दर पायरीला मला एक शिवी देऊ लागला. मला वाईट वाटे, पण एका अर्थी मी निश्चिंत होते. माझ्याकडे काही नव्हते आणि मी काही दाखवत नव्हते. पाणी किती, ते खांब सांगत होता.

भाची तोवर शहरात नोकरीला लागली होती. लाँच ऑफिसचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांनी तिला फोन केला. धक्क्यावर नवी प्रतीक्षाखोली झाली होती आणि ती पाहायला वरिष्ठ मंडळी येणार होती.

"अगं, ते तुझं भगदाड दिसतंय पानावर. पाहुणे पान उघडून बघतील. काय म्हणतील?"

"साहेब, त्यांची साइट बदललीय. मला नीट बघावं लागेल. रविवारी करते."

"पाहुणे उद्या येतायत, रविवारी नाही. काहीतरी लाव गं तिथे. नुसतं रिकामं नको दिसायला."

तिची जेवणाची सुट्टी संपत आली होती. एका हातात घास होता. पाठीमागे तिचा वरिष्ठ घड्याळ पाहत उभा होता. तिने धरणाची नवी वेबसाइट उघडली. पातळी होती दोन मीटर दहा. तिने त्या आकड्याचा स्क्रीनशॉट काढला, माझ्या चार रेघांच्या आत तो नीट कापून बसवला, आणि पुटपुटली, "दोन दिवसांपुरतं."

मित्रांनो, इथे जरा थांबा. खिडकी असणे आणि भिंतीवर खिडकीचे चित्र रंगवणे यांत किती अंतर आहे, ते समजून घ्या. खिडकीतून बाहेर अंधारले तर अंधार दिसतो. चित्रातल्या खिडकीत मात्र कायम लख्ख दुपार. त्या क्षणापासून माझे शेजारी जाणेच बंद झाले. मला कुणी पाठवतच नव्हते. मी जागची हलत नव्हते, आणि तरी पूर्वीपेक्षा सुंदर दिसत होते. साहेब खूश झाले. पाहुणे येऊन गेले. दोन दिवस झाले, चार झाले, आठ झाले. भाचीच्या नव्या नोकरीत काम इतके होते की तिला स्वतःचे जेवण आठवत नसे, मी कुठून आठवणार?

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ आली होती. मुंगीएवढी अक्षरे. ती मी जिवाच्या आकांताने पुढे धरीत होते. कुणी वाचली नाहीत.

तांडेलाला काय, चौकट सुरू झाली याचाच आनंद. पहिल्या दिवशी त्याने खिशावर दोनदा थाप मारली. पायऱ्या पुन्हा सुटल्या. दिवस कोरडे होते, नदी खरोखरच दोन मीटरच्या आसपास होती, त्यामुळे काही बिघडलेले दिसेना. फक्त त्याच्या बहिणीने एकदा फोनवर विचारले, "दादा, रोज दोन दहाच कसं रे? नदी आहे का भिंत?"

"उन्हाच्या दिवसांत नदी अशीच असते. तुझं शिवण तू बघ."

"बघतेच आहे. रोज एकाच मापाचा माणूस आला तर मी टेप तपासते बाई."

मी आनंदाने उडालेच होते. वाटले, आता हा टेप तपासणार. पण तांडेल हसला आणि त्याने फोन ठेवून दिला.

विसाव्या दिवशी आकाश निरभ्र होते. कुणी स्वप्नातही पाण्याचा विचार करू नये असे ऊन. पण धरणाचा एक दरवाजा दुरुस्त करायचा होता, आणि त्यासाठी सकाळपासून पाणी सोडले होते. धरणाच्या कार्यालयाने आपल्या पानावर तशी सूचना लावली होती. मोठ्या तांबड्या अक्षरांत, अगदी योग्य जागी. मी तिथे जाऊ शकले असते तर सूचनेसकट आकडा आणला असता. तो तेव्हा तीन मीटर साठ होता. मी जाऊ शकत नव्हते. माझ्या तोंडात चित्र कोंबलेले होते.

दहाची फेरी. लाँचवर अकरा माणसे, त्यांत तांडेलाची बहीण, मांडीवर गणवेशांचे गाठोडे. तांडेलाने खिशातून फोन काढला. दोन मीटर दहा. त्याने नदीकडे पाहिले. पाणी गढूळ होते आणि काठाला काटक्या वाहत होत्या. तो क्षणभर घुटमळला. मला त्याचा अंगठा माझ्यावर जाणवत होता. त्याने पुन्हा मला पाहिले. मी पुन्हा तेच सांगितले. त्याने फोन खिशात टाकला आणि भोंगा वाजवला.

खिशातून मला दिसले काहीच नाही. ऐकू तेवढे आले. आधी इंजिनाचा आवाज बदलला. मग तांडेलाचा, "बसा, सगळे खाली बसा!" मग पलीकडच्या बुडालेल्या पायऱ्यांवर लाँच आदळल्याचा दणका. मग एक किंकाळी, आणि मग त्याने बहिणीला मारलेली हाक. ती हाक मी विसरू शकत नाही. लहानपणी तिला ज्या नावाने चिडवत असे, त्या नावाने त्याने ती मारली होती.

ती पाण्यात पडली होती. दोघा प्रवाशांनी बांबू पुढे केला आणि तिला ओढून घेतले. मनगट मोडले, नाकातोंडात पाणी गेले, पण ती वाचली. बावीस गणवेश नदीबरोबर गेले.

दुपारी दवाखान्यातल्या खोलीत तांडेलाचा फोन खाटेशेजारच्या स्टुलावर पडला होता. मी अजून उघडीच होते, दोन मीटर दहा दाखवत. शहरातून धावत आलेली भाची भिंतीला टेकून उभी होती. तिने मला पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. तारीख तिने एका नजरेत वाचली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेब होते. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"ते चित्र आधी काढून टाक. उद्या चौकशीला अधिकारी येतोय. चौकट रिकामीच होती म्हणायचं."

"आणि मामा? मग त्यांनी काय बघून लाँच सोडली म्हणायचं?"

"ते त्यांचं ते बघतील."

तिने फोन ठेवला. तांडेल खाटेच्या पायथ्याशी बसून आपल्या हातांकडे बघत होता. निवृत्तीला त्याचे आठ महिने उरले होते. काही न पाहता लाँच सोडली असे ठरले असते, तर परवाना जन्माचा गेला असता.

"काढून टाक ते," तो म्हणाला. "मी सांगतो, मी बघितलंच नाही. माझं काय, आठ महिन्यांचा प्रश्न. तुझी नोकरी नवी आहे."

"मामा, तुम्ही बघितलं होतं."

"तुला सांगितलं ना, काढ."

खाटेवरून बहिणीचा आवाज आला. तिच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होते आणि केस अजून ओले होते. "एकतीस वर्षांत एकच माणूस भिजलं," ती म्हणाली, "तेही सख्खी बहीण. बढाईत आता हेही सांगत जा."

तांडेल हसला, आणि मग त्याने टॉवेलात तोंड खुपसले.

बहीण लेकीकडे वळली. आता ती हसत नव्हती. "मी बुडाले होते गं. मला नुसतं सांगायचं आहे, की मी कशामुळे बुडाले ते कुणीतरी खरं बोलावं. तो खोटं बोलणार, तुझे साहेब खोटं बोलणार, तुझी ती चौकट तर वीस दिवस खोटं बोलतेच आहे. मग मी विचारायचं कुणाला?"

भाचीने लॅपटॉप उघडला. तिचे बोट जिथे होते तिथे एकदा दाबले की चित्र पुसले गेले असते, आणि मी पुन्हा निष्पाप, करडी झाले असते. मित्रांनो, त्या चित्राचा मला किती तिटकारा होता, ते तुम्हाला आता कळले असेल. पण त्या क्षणी माझे एकच म्हणणे होते, जे मला बोलता येत नव्हते: आता काढू नको. वीस दिवस माझ्याकडून खोटे वदवलेस, आता एक दिवस तरी मला साक्षीला राहू दे. मी तिच्यावर चिडले होते, आणि तरी तिची मला दया येत होती. मला बनवणारी तीच होती ना.

तिने बोट तिथून उचलले. मग तिने ते पान, तारखेसकट, जसेच्या तसे छापायला पाठवले.

चौकशी ऑफिसच्या त्याच खोलीत झाली, नारिंगी जाकिटांखाली. अधिकारी मितभाषी होता. साहेब म्हणाले, "पातळी दुसऱ्या वेबसाइटवरून येते. ती चुकली तर आम्ही काय करणार?"

"दुसऱ्या वेबसाइटवरून काही येत नव्हतं," भाची म्हणाली. "त्यांचं पान बरोबर होतं. आमच्या चौकटीत त्यांचं काहीच नव्हतं. ते मी लावलेलं चित्र होतं, वीस दिवसांपूर्वीचं. ही तारीख." तिने कागद पुढे सरकवला.

"गप बस म्हटलं होतं ना तुला," तांडेल दातांतल्या दातांत म्हणाला.

अधिकाऱ्याने कागद उजेडात धरला, मुंगीएवढी अक्षरे वाचली. भाचीनंतर ती वाचणारा तो दुसराच माणूस! मग त्याने तांडेलाला विचारले, "आकडा चुकीचा होता, हे ठीक. पाण्याकडे बघितलं होतं का?"

तांडेल उभा राहिला. "बघितलं होतं, साहेब. गढूळ होतं. काटक्या होत्या. मला कळलं होतं. पण आकडा म्हणत होता काही नाही, म्हणून मी माझ्या डोळ्यांचं ऐकलं नाही. पोरीची चूक चित्राची. ही चूक माझी."

परवाना तीन महिने थांबवला, काढून घेतला नाही. साहेबांना लेखी जाब द्यावा लागला. भाचीच्या नावापुढेही ठपका लागला, आणि मामा तिच्याशी आठवडाभर बोलला नाही. खोटे बोलू दिले नाही म्हणून! माणसांचे मला कधी कधी कळत नाही.

त्यानंतर भाचीने ते पत्र लिहिले. सात ओळींचे. चौथ्या दिवशी धरणवाल्यांनी आमचे नाव यादीत घातले, दार उघडले, आणि मी धावत जाऊन आकडा आणला. सात ओळी, मित्रांनो! त्या सात ओळी वेळेवर लिहिल्या असत्या, तर एक मनगट आणि बावीस गणवेश जागच्या जागी राहिले असते. याची चडफड माझ्या मनातून अजून जात नाही. कदाचित मी क्षुद्र असेन.

पण तिने आणखी दोन गोष्टी केल्या. आकडा कधीचा आहे ती वेळ आता आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत दिसते. आणि मला आकडा मिळाला नाही तर रडवेल्या कागदाऐवजी एक ओळ येते: "आकडा आलेला नाही. खांब पाहा." खांबही नव्याने रंगवला.

तीन महिन्यांनी तांडेल परत आला. एका सकाळी धरणाच्या कार्यालयातली वीज गेली आणि मला कुणी दार उघडले नाही. मी रिकाम्या हाताने परत आले आणि ती ओळ दाखवली.

"झालं, पडली पुन्हा बंद," धक्क्यावर कुणीतरी म्हणाले. "कसली मेली चौकट ती!" दुसऱ्याने बोट आपटले.

"बंद नाही पडलेली," तांडेल म्हणाला. "नाही माहीत म्हणून सांगतेय."

मग त्याने मला खिशात टाकले आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरू लागला. मी मोजत होते. विसाव्या पायरीवर गुडघा वाजला. वरून त्याची बहीण नवे गाठोडे सावरत ओरडली, "दादा, नीट वाकून बघ हो!"

"बघतोय गं, बघतोय. एक मीटर पंचाऐंशी!"

मित्रांनो, माझी विनंती साधी आहे. दुसऱ्याच्या घरचे आपल्या भिंतीवर दाखवायचे असेल तर त्याला विचारा, आणि मधूनमधून त्याच्या दारात डोकावून या. आणि माझ्याकडे दाखवायला काही नसेल, तर मला रिकामी राहू द्या. लोक वैतागतील. वैतागू द्या.

त्या सकाळी मी काहीच दाखवले नाही. दहाची लाँच भरून गेली, आणि कुणाचा रुमालसुद्धा भिजला नाही.